पुतळ्याची मान

शहरात त्यांना सगळे मास्तरच म्हणत. शाळेत त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली होती. म्हणजे गणिताचे सर आजारी पडले की त्यांचा वर्ग सांभाळला होता, नाटकांचे पडदे रंगवले होते आणि पोरांच्या कितीतरी पिढ्यांना टेबलावरचा तोच तो तांब्या काढायला लावला होता. पण मनातून मास्तर कधीच शिक्षक नव्हते. ते शिल्पकार होते. ही गोष्ट त्यांना ठाऊक होती, त्यांच्या बायकोला नाइलाजाने ठाऊक होती, आणि ज्यांच्या घरचं कुणी गेलेलं असे त्यांना तेवढ्यापुरती कळत असे.

माणूस गेला की नातेवाईक फोटो घेऊन यायचे. फोटो बहुधा लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेला, कानापाशी दुसऱ्याच कुणाचा तरी खांदा आलेला. त्यावरून मास्तर अर्धपुतळा करून देत.

"जरा हसरे करा हं," मुलगी म्हणायची.

"हसरे? बाबा कधी हसले गं?" मुलगा विचारायचा.

मग दोघांची जुंपायची. मास्तर ओल्या मातीवर फडकं टाकून अंगणात जाऊन उभे राहायचे. याखेरीज शाळांच्या स्पर्धांची पदकं, दातांच्या कॉलेजासाठी हातभर लांबीचा जबडा, कापडाच्या दुकानातल्या बाहुल्यांची डोकी, काय म्हणाल ते त्यांनी केलं होतं. मोठ्या इस्पितळाच्या दारातली, मांडीवर तान्हं मूल घेतलेली नर्स त्यांचीच. तिच्याखाली देणगी देणाऱ्याचं नाव होतं, उद्घाटन करणाऱ्याचं होतं, दगड पुरवणाऱ्या दुकानाचंही होतं. मास्तरांचं नव्हतं. त्यांनी एकदा चौकशी केली तेव्हा तिथला माणूस म्हणाला, "अहो, जागाच उरली नाही."

म्हणूनच नगरपालिकेने मुख्य चौकातल्या पुतळ्यासाठी त्यांना बोलावलं, तेव्हा मास्तरांनी एकच गोष्ट हट्टाने मागून घेतली. चौथऱ्यावर शिल्पकाराचं नाव कोरायचं, आणि कोणत्याही कारणाने ते काढायचं नाही. करारात तसं कलम घालून घेतलं. घरी येऊन बायकोला ते दोनदा वाचून दाखवलं. ती भांडी विसळत होती. म्हणाली, "बरं झालं. आता मेल्यावर तरी लोकांना कळेल की घरात एवढा चिखल कशासाठी होता."

पुतळा डॉक्टरांचा होता. तरुणपणी ते पालिकेचे आरोग्य अधिकारी होते आणि त्या काळात शहरात कॉलऱ्याची मोठी साथ आली होती. सगळे नदीला दोष देत होते. डॉक्टर मात्र घराघरांत, हॉटेलांत, शाळांत जाऊन ग्लासातलं पाणी उजेडात धरून बघत हिंडले, नमुने तपासत बसले, आणि शेवटी म्हणाले की रोग नदीत नाही, बर्फात आहे. शहरात बर्फाचा कारखाना एकच, आणि तो थोरल्या साहेबांचा. थोरले साहेब म्हणजे अर्धं शहर: ट्रक त्यांचे, थिएटर त्यांचं, पालिकेतली निम्मी डोकी त्यांच्या खिशात. तरीही डॉक्टरांनी कारखान्याला टाळं ठोकलं. त्या संध्याकाळी त्यांच्या दवाखान्यावर दगड आले. खिडकीची एक काच शाबूत राहिली नाही. पण टाळं निघालं नाही, आणि साथ ओसरली. ज्यांची पोरं त्या साथीतून वाचली ती माणसं आता म्हातारी झाली होती. त्यांनीच पालिकेच्या मागे लागून पुतळ्याचा ठराव करून घेतला होता. डॉक्टर तोवर हृदयविकाराने जाऊनही बरीच वर्षं लोटली होती.

अडचण अशी की डॉक्टरांचा धड एक फोटो नव्हता. होता तो ओळखपत्रावरचा, बोटाच्या पेराएवढा, चोरासारखा दिसणारा. मास्तर डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या स्वतः डॉक्टर नव्हत्या, पण नवऱ्याच्या दवाखान्यात औषधांच्या पुड्या बांधत, म्हणून लोकांनीच त्यांना ते नाव देऊन टाकलं होतं. मूलबाळ नाही, घरात त्या एकट्या.

"फोटो कसले मागता?" त्या म्हणाल्या. "कॅमेरा दिसला की हे खोलीबाहेर जायचे. मी आहे ना. मी सांगते."

आणि खरंच, दुपारचं जेवण उरकलं की त्या मास्तरांच्या शेडमध्ये येऊन बसू लागल्या. पत्र्याची शेड, मधोमध लोखंडी सांगाड्यावर चढत जाणारी माती, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बाई. पहिले काही दिवस मास्तरांना वैताग आला. मग लक्षात आलं की या बाईसारखं बघणारं माणूस आपल्याला कधी भेटलंच नव्हतं.

"खांदा असा नाही. डावा जरा पडलेला. बॅग उचलून उचलून."

"बरं."

"आणि दोन्ही पायांवर कुठे उभे राहायचे हे? एकाच पायावर भार. बूट चावायचा. नवा घ्या म्हटलं तर म्हणायचे, चावला म्हणजे झोप लागत नाही उभ्याउभ्या."

एके दिवशी त्या डॉक्टरांचा जुना कोट घेऊन आल्या, स्वतःच अंगात घातला, बाह्या कोपरापर्यंत सारल्या, शेडमधला चहाचा रिकामा ग्लास उचलून खिडकीकडे धरला आणि मान किंचित कलती करून त्यातून बघत उभ्या राहिल्या. "असे," त्या म्हणाल्या. त्या क्षणी मास्तरांना पुतळा सापडला. हातात ग्लास, नजर ग्लासावर, बाकी जगाकडे पाठ फिरवलेला एक दमलेला माणूस. तोवर अर्ध्यावर आलेलं सगळं त्यांनी पाडून टाकलं आणि पुन्हा पहिल्यापासून चढवायला घेतलं.

त्या पुतळ्यापायी मास्तरांनी डोळे फोडून घेतले, कंबर घालवली. माती सुकू नये म्हणून फडकी भिजवायला बायकोला कामाला लावलं. पण ज्या दिवशी डोळ्यांचं काम संपलं त्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या, दारातच थबकल्या आणि हळूच म्हणाल्या, "पाणी बरं नाही म्हणतायत."

मास्तरांना आयुष्यात कुणी याहून मोठी दाद दिली नव्हती. त्यांनी तोंड फिरवलं आणि उगाचच हात धुवायला गेले.

मातीवरून प्लास्टरचा पुतळा झाला. तो पालिकेने ताब्यात घेऊन आपल्या गोदामात नेऊन ठेवला. तिथून तो ब्राँझ ओतायला भट्टीवर जायचा होता. तेवढ्यात निवडणूक आली आणि पालिका पालटली. थोरले साहेब वर्षभरापूर्वीच वारले होते. त्यांचे चिरंजीव, धाकटे साहेब, नगराध्यक्ष झाले.

धाकट्या साहेबांनी मास्तरांना बोलावून घेतलं. खुर्ची दिली, चहा मागवला, गुडघ्याला हात लावून नमस्कार केल्यासारखं केलं. ते मास्तरांचेच विद्यार्थी. तांब्या त्यांनीही काढला होता.

"पुतळा बघितला मास्तर गोदामात. काय काम आहे! मी तर बघतच राहिलो. फक्त एक छोटासा बदल."

"कसला?"

"डोकं."

मास्तरांना वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"म्हणजे धड आहे ते उत्तम आहे," धाकटे साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. "कोटबिट बाबाही घालायचे. अंगकाठीही साधारण तीच. आता सगळं नव्याने करत बसलो तर बाबांची जयंती निघून जाईल. तेव्हा वरचं तेवढं बाबांचं करून द्या. मुलगा म्हणून मागतोय असं समजा."

"आणि हातातला ग्लास?"

"असू दे की! पाण्याची योजना बाबांच्याच काळात झाली ना. शहराला पाणी देणारे, असं खाली लिहू."

मास्तर उठले. "ज्या माणसाचं हे धड आहे ना, त्याच्या दवाखान्यावर तुमच्या वडिलांनी दगड घालायला लावले होते. मी हे करणार नाही. आणि माझं नाव त्या पुतळ्याखाली लावायचं नाही."

धाकटे साहेब चिडले नाहीत. हेच मास्तरांना पुढे कित्येक दिवस खुपत राहिलं. त्यांनी फाइल उघडली, पान उलटलं आणि अगदी आदराने म्हणाले, "करायचं की नाही ती तुमची मर्जी. पुतळा पालिकेचा आहे, दुसऱ्याकडून करून घेऊ. पण नाव कसं काढणार मास्तर? कोणत्याही कारणाने काढायचं नाही, हे तुम्हीच लिहून घेतलंय."

बातमी गावभर झाली. संध्याकाळी डॉक्टरीणबाई मास्तरांच्या घरी आल्या. एवढे दिवस त्या शेडमध्ये येत, पण घराचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नव्हता. त्या आल्या, बायकोच्या शेजारी बसल्या, मास्तरांकडे बघून म्हणाल्या, "या शहरात एक माणूस तरी नाही म्हणाला. मला एवढं पुरे." मग तिघंही चहा घेत बसली आणि बाईंनी डॉक्टरांच्या वेंधळेपणाच्या इतक्या गोष्टी सांगितल्या की मास्तरांची बायको डोळे पुसत हसली. पुढे बाजारात, बँकेत, दवाखान्यातल्या जुन्या पेशंटांत, जिथे जातील तिथे बाई हेच सांगत. मास्तर नाही म्हणाले. मास्तर रस्त्याने जाताना ताठ चालू लागले. त्या वयात त्यांना पहिल्यांदाच वाटत होतं की आपल्याला लोक ओळखतात ते योग्य कारणासाठी.

डोक्याचं काम गेलं मास्तरांच्या शिष्याकडे. हा शिष्य चाळिशीचा, गावाबाहेर मोठं वर्कशॉप असलेला, बागेतल्या हरणांपासून हॉटेलातल्या कारंज्यांपर्यंत फायबरचं काहीही करून देणारा. तोंडाचा गोड, हाताचा जाड. तो परवानगी मागायला आला तेव्हा मास्तर दारातूनच म्हणाले, "पोटासाठी करतोयस, कर. मला दाखवू नकोस."

जयंतीपर्यंत ब्राँझ होणं शक्यच नव्हतं. तेव्हा असं ठरलं की तूर्तास गोदामातलं प्लास्टर शिष्याच्या वर्कशॉपवर नेऊन, त्याला नवं डोकं बसवून, त्यावरून काढलेला फायबरचा पुतळा ब्राँझचा रंग मारून उभा करायचा, आणि खरा नंतर सावकाश ओतायचा. त्याप्रमाणे बँड वाजला, पडदा ओढला गेला आणि थोरले साहेब हातात ग्लास घेऊन चौकात उभे राहिले. चौथऱ्यावर मोठ्या अक्षरांत 'शहराला पाणी देणारे', आणि त्याखाली, करारात लिहिल्याप्रमाणे, मास्तरांचं संपूर्ण नाव.

शहर हसून हसून लोळलं. पाणी दिलं कसलं, पाणी पाजलं म्हणा! कुणी म्हणे, साहेब सोडा मागतायत. कुणी म्हणे, बर्फ विरघळायची वाट बघतायत. पण खरी गंमत निराळीच होती. धाकट्या साहेबांच्या आईंनी सांगितलं होतं की यांनी समोर बघायला हवं, लोकांकडे. शिष्याने ऐकलं. खांदे, पाठ, छाती, सगळं शरीर त्या ग्लासाकडे वळलेलं, आणि वर डोकं मात्र नाकासमोर, ओळखपत्राच्या फोटोला बसल्यासारखं. मधली मान म्हणजे नुसती बुचासारखी कोंबलेली. पुतळ्याकडे बघितलं की वाटायचं, याला कुणी तरी मागून हाक मारली आहे आणि याची मान धरली आहे.

पहिले काही दिवस मास्तर त्या रस्त्याला फिरकले नाहीत. पण शहर लहान. ते दाढी करायला गेले, तर न्हावी वस्तरा पुसत म्हणाला, "मास्तर, एक विचारू? राग नका मानू. मान जरा चुकली का हो?"

"ती मी नाही केली."

"नाव तुमचं आहे म्हणून म्हटलं."

पोस्टात तेच. शाळेत गेले तर त्यांच्या जागी आलेली नवी शिक्षिका सहानुभूतीने म्हणाली, "एवढ्या मोठ्या कामात होतं सर असं कधी कधी." एका चित्रकला महाविद्यालयातल्या कुणीतरी वर्तमानपत्रात पुतळ्यावर चार ओळी लिहिल्या: शरीराची जाण उत्तम, परंतु शिरोभागाशी येताना शिल्पकाराचं बळ संपलेलं दिसतं. शिल्पकाराचं नाव अर्थात पूर्ण दिलं होतं. जन्मात पहिल्यांदा मास्तरांच्या कामावर कुणी छापून लिहिलं होतं. त्यांनी तो कागद कापून ठेवला नाही, पण फाडलाही नाही. तो बरेच दिवस टेबलावर इकडून तिकडे सरकत राहिला.

"सोडा की," बायको म्हणाली. "तुम्ही केलं नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, त्या बाईला ठाऊक आहे. बाकीच्यांचं काय घेऊन बसलात?"

"अगं, पण खांदा डावीकडे गेला की मानेची शीर अशी येते. अशी! हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. माझ्या नावावर असली मान जन्मभर राहणार. ब्राँझ म्हणजे काय, शंभर वर्षं हलत नाही."

"मग काय करणार आहात?"

त्या दिवसापासून जेवताना, झोपताना, अंघोळीच्या वेळी मास्तरांचा हात आपल्याच मानेकडे जाऊ लागला. आरशासमोर उभे राहून ते ग्लास उचलून बघत. असं वळलं की इथे खड्डा. जबडा इथून निघणार. थोरल्या साहेबांची हनुवटी जड होती; जड हनुवटी कलली तर खाली वळी पडणार. म्हणजे अवघड आहे, पण जमेल. ते फक्त विचार करत होते, असं ते स्वतःला सांगत होते.

भट्टीवर जायचा दिवस जवळ आला तसे एके सकाळी ते शिष्याच्या वर्कशॉपवर जाऊन पोचले. शिष्य घाईघाईने उठला. मास्तरांनी विचारलं, "प्लास्टरवर तेच डोकं आहे अजून?"

"तेच आहे. मास्तर, मला कळतं हो चुकलंय ते. पण मला त्याहून जमत नाही."

"मग ते काढ. आणि माती दे."

घरी त्यांनी सांगितलं की शिष्याला जरा मार्गदर्शन करायचं आहे. बायकोने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित ते थांबले असते, किंवा नसतेही. त्यांनी धाकट्या साहेबांना निरोप धाडला की डोकं ग्लासाकडेच बघेल, नाहीतर माझं नाव काढायला मी कोर्टात जाईन. साहेबांना काय, साहेब खूश. आईंची समजूत त्यांनीच घातली.

आणि मग हात रमला. खोटं कशाला सांगायचं, मास्तरांचा हात असा रमला की तहानभुकेची शुद्ध राहिली नाही. थोरल्या साहेबांचे फोटो ढिगाने होते. प्रत्येक कार्यक्रमात, प्रत्येक बाजूने काढलेले. नाक, जाड पापण्या, हनुवटीखालची वळी, सगळं नेमकं येत गेलं. अडलं ते नजरेपाशी. थोरल्या साहेबांनी उभ्या जन्मात एखाद्या वस्तूकडे अशा काळजीने बघितलेलंच नव्हतं. तसला फोटो सापडणार कुठून? पण धड तर सांगत होतं की हा माणूस बघतो आहे. मास्तरांनी डोळे मिटले, आणि त्यांना शेडच्या खिडकीपाशी कोट घालून उभ्या राहिलेल्या डॉक्टरीणबाई दिसल्या. भुवया किंचित जवळ आलेल्या, डोळे बारीक, ओठ मिटलेले. हाताने ते तसंच्या तसं उचललं. मास्तरांनी त्याला अडवलं नाही.

मातीवरून प्लास्टर काढून डोकं धडावर बसलं तेव्हा शिष्य हात पुसत पुढे आला. "मास्तर," तो म्हणाला, "हा माणूस असा होता?"

"नव्हता," मास्तर म्हणाले, आणि खूप वर्षांनी पोटभर जेवले.

भट्टीचा ट्रक यायच्या आदल्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई मास्तरांच्या घरी आल्या. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. त्यांनी ते मानलं नव्हतं. म्हणून खात्री करायला त्या आधी वर्कशॉपवर जाऊन आल्या होत्या. मास्तरांच्या बायकोने खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"तुम्ही केलंत?"

"मान सुधारली फक्त," मास्तर म्हणाले. "तुम्ही बघितलीत ना आधीची? लोक मला हसत होते. माझ्या नावावर..."

"मला फार आवडायची ती मान."

मास्तरांना काही उलगडा होईना.

"मी रोज चौकात जाऊन बघायची," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आंधळ्यालाही कळलं असतं की हे धड दुसऱ्या कुणाचं आहे. बाहेरगावचा माणूससुद्धा विचारायचा, हे असं का हो? मग कुणीतरी सांगायचंच: अहो, हे मुळात डॉक्टर होते. पानवाला सांगायचा, रिक्षावाले सांगायचे. ती मान होती तोवर हे तिथे उभे होते. तुम्ही ती नीट केलीत. आता कोण विचारणार आणि कोण सांगणार?"

"बाई, मी तसा विचार..."

"आणि नजर यांची दिलीत. ती मी तुम्हाला दाखवली होती. त्या माणसाला द्यायला नव्हती दाखवली."

त्या जायला वळल्या. मास्तर मागे धावले. शेडमध्ये डॉक्टरांचं मूळ डोकं आहे, प्लास्टरचं, शिष्याने उतरवून पाठवलेलं, ते मी तुम्हाला देतो, असं काहीतरी ते बोलून गेले. बाई थांबल्या. "नुसतं मुंडकं घेऊन मी काय करू?" त्या म्हणाल्या. "कपाटावर ठेवू?"

दार लागल्यावर बायको म्हणाली, "उद्या ट्रक येणार ना? अजून वेळ आहे." तिने कोपऱ्यातली लाकडी मोगरी उचलली आणि मास्तरांच्या हातात दिली. इतक्या वर्षांत त्यांच्या कामात तिने असं कधी लक्ष घातलं नव्हतं.

मास्तर मोगरी घेऊन निघाले. वाटेत त्यांचा निश्चय पक्का होता. प्लास्टर ते काय, दोन घावांत खलास. शिष्याने त्यांच्या हातातली मोगरी बघितली, चेहरा बघितला आणि सगळं ओळखलं. जाड हाताचा असला तरी माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मोडा मास्तर. धक्का लागून पडलं म्हणून मी सांगतो साहेबांना. माझं जुनं डोकं आहे तसंच आहे, ते बसवून देतो. शिव्या काय, मला सवय आहे."

मास्तर पुतळ्यासमोर गेले. वरच्या झरोक्यातून तिरपा उजेड येत होता आणि तो नेमका कलत्या मानेवर पडला होता. शीर जिथे कॉलरच्या आत जात होती तिथे सावलीची एक बारीक रेघ होती. असली रेघ त्यांना याआधी कधी साधली नव्हती. मातीतल्या डॉक्टरांच्या पुतळ्यातही नाही. ते सभोवार फिरले. डावीकडून बरोबर होतं, मागून बरोबर होतं. जन्मभर जे हातातून निसटत होतं ते इथे आलं होतं, आणि आलं होतं ते या माणसाच्या खांद्यावर. मोगरी हातात जड झाली. शिष्य पुढे आला.

"काय झालं मास्तर?"

"कानामागे जरा खरवडायचं राहिलंय," मास्तर म्हणाले. "पटाशी दे."

घरी गेल्यावर बायकोने त्यांच्या हाताकडे बघितलं, बोटांना चिकटलेल्या पांढऱ्या भुकटीकडे बघितलं. "झालं?" तिने विचारलं.

"झालं."

तिला वाटायचं ते वाटलं. दुसऱ्या दिवशी कलत्या मानेचा पुतळा घेऊन चौकातून ट्रक गेला तेव्हा तिला कळलं. त्यानंतर शेडमधली फडकी भिजवायला ती पुन्हा कधी गेली नाही.

ब्राँझचा पुतळा बसला आणि शहर गप्प झालं. हसण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं. लोक थांबून बघायचे आणि म्हणायचे, साहेब काही म्हणा, माणूस मोठा होता. नवी पोरं तर दुसरं काही ऐकायलाच तयार नसत. त्या महाविद्यालयातल्या लेखकाने पुन्हा लिहिलं, या वेळी लांबलचक: सत्ताधीशाच्या चेहऱ्यावर इतकी करुणा शोधणारा हा शिल्पकार इतकी वर्षं अज्ञात कसा राहिला? मास्तरांना कलेच्या संस्थेने मानपत्र दिलं. सत्काराला जाताना त्यांनी मनाशी सगळं ठरवलं होतं. आज माइक हातात आला की खरं काय ते सांगून टाकायचं. माइक हातात आला. समोर धाकटे साहेब बसले होते, शिष्य बसला होता, अर्धं शहर बसलं होतं. मास्तर घसा साफ करून म्हणाले, "मानेचं काम फार अवघड असतं," आणि पुढे मान कशी करावी यावर बोलत राहिले. टाळ्या पडल्या. बायको तब्येतीचं निमित्त सांगून घरीच राहिली होती.

नंतर आणखी दोन गावांनी थोरल्या साहेबांचे पुतळे मागवले. मास्तरांनी करून दिले.

डॉक्टरीणबाई चौक टाळून मागच्या गल्लीने जाऊ लागल्या. गुडघे दुखायचे, वाट लांबची होती, तरी त्याच वाटेने. पुढे त्यांनी घर विकलं आणि भाचीकडे दुसऱ्या शहरात जायचं ठरवलं. ज्या दिवशी सामान हलत होतं त्या दिवशी मास्तर तिथे जाऊन उभे राहिले. बाई फाटकापाशी उभ्या राहून हमालांना सूचना देत होत्या. त्यांनी मास्तरांना बघितलं आणि अनोळखी माणसाशी बोलतात तशा सभ्यपणे म्हणाल्या, "जरा बाजूला होता का? कपाट येतंय."

मास्तर बाजूला झाले. कपाट गेलं, पलंग गेला, दवाखान्यातलं काचेचं टेबल गेलं. टेम्पोचा ड्रायव्हर दोऱ्या आवळता आवळता सारखा मास्तरांकडे बघत होता. शेवटी त्याने हात पँटला पुसले आणि पुढे आला.

"तुम्ही चौकातल्या पुतळ्याचे मास्तर ना? पेपरात फोटो बघितला होता. आम्ही बाहेरचे, पण येता-जाता गाडी थांबवून बघतो आम्ही तो पुतळा. काय माणूस असेल हो तो!" त्याने मास्तरांचा हात दोन्ही हातांत घेतला.

डॉक्टरीणबाई टेम्पोच्या पायरीपाशी थांबल्या होत्या. ड्रायव्हरचं बोलणं संपेपर्यंत त्या शांतपणे उभ्या राहिल्या. मग, पुढच्या सीटवर चढायला कुणाचाही हात न घेता, त्या आत जाऊन बसल्या आणि त्यांनी काच वर केली.